वाचकांचे प्रश्न : एदोबेइचं मूळ चित्र कुठाय?

गेल्या अंकात काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांच्या छापचित्रांवर दोन पानं आली होती, सोबत शाराकु या चित्रकाराने काढलेला तो एदोबेइ होता, नाटकातल्या गुंडाच्या भूमिकेतला नट, छातीशी दोन्ही पंजे फाकवलेला आणि ओठ घट्ट मिटलेला. त्यावर इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांचा सूर एकच आहे, की हे चित्र भिंतीवर हवंय, खरं कुठलं आणि नक्कल कुठली ते सांगा. म्हणून तेच आधी घेते.

नवीन फ्लॅटच्या हॉलसाठी एदोबेइ हवाय. एका साइटवर 'हँड पेंटेड ऑइल ऑन कॅनव्हास' मिळतोय, तीन फूट बाय दोन फूट, खाली लिहिलंय 'ओरिजिनल पेंटिंगची हुबेहूब कॉपी'. बायको म्हणते एवढे पैसे घालायचे तर ते ओरिजिनल कुठल्या म्युझियममध्ये आहे ते तरी बघ आधी. घ्यावं का? — एक वाचक, नाशिक

वहिनींनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. ओरिजिनल पेंटिंग नाहीये. हरवलं किंवा जळलं म्हणून नाही हो, ते कधी नव्हतंच.

काम कसं चालायचं ते बघा. चित्रकार पातळ कागदावर शाईने नुसत्या रेषा काढून द्यायचा. कोरणारा तो कागद उपडा करून, म्हणजे चित्राची बाजू खाली ठेवून, चेरीच्या फळीवर खळीने चिकटवायचा आणि मग रेषा तेवढ्या ठेवून बाजूचं सगळं लाकूड काढून टाकायचा. कोरता कोरता तो कागद गेलाच, चित्रकाराच्या हातचं जे काही होतं ते भुशात गेलं. मग त्या फळीवरून काळ्या रेषेचे थोडे छाप काढायचे, त्यावर चित्रकार खुणा करणार की इथे लाल, इथे पिवळा, आणि प्रत्येक रंगाला वेगळी फळी कोरली जाणार. छापणारा तिसराच माणूस, तो ओलसर कागद फळीवर ठेवून मागून बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने घासायचा, तिला बारेन म्हणतात. आणि या सगळ्यांना पैसे देणारा, कुठला नट सध्या चालतोय ते ओळखणारा चौथा माणूस म्हणजे प्रकाशक. एदोबेइच्या मागे प्रकाशक होता त्सुताया जूझाबुरो, एदो शहरातला, म्हणजे आजच्या टोकियोतला. साल १७९४. त्याचा छाप शिकागोत आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, टोकियोत आहे, आणि यातला प्रत्येक छाप ओरिजिनलच आहे. त्यांचा बाप असा कुठेच नाही.

आपल्याला हे पचायला जड जातं कारण आपल्या डोक्यात राजा रविवर्मा बसलाय. त्याने आधी तैलचित्र रंगवलं आणि मग १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढून, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेऊन, त्याचे छाप घराघरात पोचवले. आधी पेंटिंग, मग प्रिंट. शाराकुच्या बाबतीत आधीपासून प्रिंटच होती आणि आता दोनशे वर्षांनी लोक तिचं पेंटिंग करून विकताहेत, चीनमधल्या शेन्झेनच्या दाफेनसारख्या ठिकाणी तर अशा तैलप्रतींचा मोठा धंदाच आहे. उलटी गंगा.

बरं मग कॅनव्हासमध्ये जातं काय. पहिलं म्हणजे अभ्रक. एदोबेइच्या पाठीमागची ती काळपट राखाडी जागा नुसता रंग नाही, त्यात अभ्रकाची पूड आहे, कागद हातात घेऊन तिरका केला की ती चंदेरी लकाकते आणि चेहरा तिच्यापुढे उजळून येतो, समयांच्या उजेडात नट उभा राहावा तसा. कॅनव्हासवर तिथे राखाडी रंगाचा सपाट हात मारलेला असतो. दुसरं म्हणजे रेष. ती ब्रशची दिसत असली तरी कोरलेली आहे, नाकाची ती एकच वळणदार रेष, कपाळाशी सुरू होणारे केस, ते सगळं पात्याने सोडलेलं आहे आणि त्याला एक करकरीतपणा आहे जो तैलरंगात येत नाही, येऊच शकत नाही. आणि तिसरं, माप. मूळ छाप साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटर, ए-फोरपेक्षा मोठा आणि ए-थ्रीपेक्षा लहान, हातात धरून बघायची वस्तू. तीन फुटांचा केलात की तो एदोबेइ राहत नाही, होर्डिंग होतं.

घेऊ नका असं नाही म्हणत मी. हॉल मोठा आहे, दुरून उठून दिसायला हवंय, तर जरूर घ्या, फक्त 'कॉपी' म्हणून नको, एका आजच्या कारागिराने केलेलं पेंटिंग म्हणून घ्या आणि त्याची रेष चांगली आहे का बघून घ्या. पण तेवढेच पैसे असतील तर माझं मन विचाराल तर हाताने कोरून हाताने छापलेली नवी प्रिंट घ्या. टोकियोत अदाची नावाची संस्था १९२८ पासून हेच करतेय, जुन्या छापावरून रेषा उतरवून नव्या चेरीच्या फळ्या कोरायच्या आणि जुन्याच पद्धतीने छापायच्या. तीही नक्कलच, पण नाटकाचा नवीन संच बसवल्यासारखी, फोटो काढल्यासारखी नाही.

मी पुण्यात जपानी शिकते. मॅम, म्हणजे हाताने रंगवलेलं नटचित्र नव्हतंच का कधी? — एक वाचक, पुणे

होतं की! आणि इथे मी वर जरा घाईने बोलले त्याची दुरुस्तीही होते. सतराशेच्या आसपास तोरी घराण्याचे चित्रकार, ज्यांच्याकडे थिएटरच्या बाहेरचे बोर्ड रंगवायचं कामही होतं, ते नटांची चित्रं फक्त काळ्या रेषेत छापायचे आणि त्यावर ब्रशने रंग भरले जायचे. त्यातला मुख्य रंग कुठला माहितेय? शेंदूर. आपला मारुतीचा तोच, शिशाचा. जपानीत त्याला 'तान' म्हणतात म्हणून ती चित्रं 'तान-ए'. अनेक फळ्यांवरून पूर्ण रंगीत छपाई आली ती १७६५ मध्ये, चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या हातून.

आणि नुसत्या ब्रशची, छपाईशी संबंध नसलेली चित्रंही लोक करून घ्यायचे, पैसेवाले लोक. शाराकुचंच एक सापडलं २००८ मध्ये, पंख्याच्या कागदावर, दोन नट आहेत त्यात, मात्सुमोतो कोशिरो आणि मात्सुमोतो योनेसाबुरो. सापडलं कुठे तर ग्रीसमधल्या कोर्फू बेटावरच्या म्युझियमात! तर शाराकुचं 'ओरिजिनल पेंटिंग' म्हणायचंच झालं तर ते हे, आणि त्यात एदोबेइ नाहीये.

कोल्हापुरात टॉकीजबाहेर बाबूराव पेंटरांच्या पोस्टरचे किस्से ऐकत मोठा झालो. ही जपानी चित्रं म्हणजे तशीच पोस्टरं होती का? — एक वाचक, कोल्हापूर

पोस्टर कमी आणि फॅनने विकत घेऊन घरी न्यायचा फोटो जास्त. पोस्टर थिएटरवाला लावतो, हे प्रकाशक स्वतःच्या हिमतीवर काढायचा आणि दुकानात विकायचा. किंमत नूडल्सच्या एकदोन वाडग्यांइतकी, म्हणजे हमालालाही परवडणारी. नाटक उतरायच्या आत माल खपला पाहिजे, त्यामुळे सगळं पळापळीत.

नट ओळखायचा तो बाहीवरच्या चिन्हावरून. इचिकावा दांजूरोचं चिन्ह म्हणजे एकात एक तीन चौकोन, ती तांदूळ मोजायची लाकडी मापं आहेत, आपल्या शेर-मापट्यासारखी पण चौकोनी. दांजूरो हे नाव पिढ्यानपिढ्या चालत आलंय, तेरावा दांजूरो २०२२ मध्ये गादीवर आला. आठव्या दांजूरोने १८५४ मध्ये ओसाकाला दौऱ्यावर असताना आत्महत्या केली, वय तिशीच्या जरा पुढे, देखणा, बायकांचा जीव की प्राण, आणि मग एदोत त्याच्या 'मृत्यूचित्रांचा' पूर आला. अशी चित्रं काढायची पद्धतच होती, फिकट निळ्या कपड्यात नट, मृत्यूची तारीख, मिळालेलं धार्मिक नाव. काहींत भोवती बायका ओक्साबोक्शी रडताहेत. शेकडो निरनिराळे डिझाइन निघाले, एकट्या माणसावर.

आणि सरकारचा डोळा होताच. १८४२ मध्ये नटांची आणि गणिकांची चित्रंच बंद केली, उधळपट्टी वाढते म्हणून. बंदी जरा ढिली व्हायला लागली तसं कुनियोशी नावाच्या चित्रकाराने काय केलं, एक पांढरी भिंत छापली आणि तिच्यावर पोरांनी खिळ्याने ओरखडे काढावेत तशी तोंडं काढली. बघणाऱ्याला लगेच कळायचं हा अमका नट, तो तमका. मी काही नट काढलेला नाही साहेब, मी भिंत काढलीये! मला त्या काळातलं सगळ्यात आवडतं चित्र विचाराल तर हेच, शाराकुपेक्षाही.

बायकांच्या चित्रात कपाळावर जांभळा तुकडा का असतो? मला वाटलं छपाईत डाग पडलाय. — एक वाचक, चिपळूण

डाग नाही ताई, तीच तर ओळख. काबुकी सुरू केली एका बाईने, ओकुनीने, १६०३ च्या सुमारास. १६२९ मध्ये बायकांना रंगभूमीवर बंदी आली, मग कोवळी पोरं बायकांची कामं करायला लागली, १६५२ मध्ये त्यांनाही बंदी. पुढे नाटक चालू ठेवायचं तर अट अशी की नटाने मोठ्या पुरुषासारखं डोक्याचा पुढचा भाग भादरलाच पाहिजे. आता भादरलेल्या डोक्याची नायिका कशी दिसणार? म्हणून तिथे जांभळं रेशमी फडकं आलं. पुढे चांगले विग आले तरी ते फडकं राहिलं, शोभा म्हणून. चित्रात बाई दिसली आणि कपाळावर जांभळं दिसलं की समजायचं हा पुरुष आहे, स्त्रीपार्टी, तिकडचा शब्द ओन्नागाता.

बालगंधर्वांची साडी नेसायची तऱ्हा बघून आपल्याकडच्या बायका तसं करायला लागल्या ना, तिकडेही तेच. सानोगावा इचिमात्सु नावाच्या देखण्या नटाने सतराशे चाळीसच्या सुमारास रंगमंचावर चौकडीचं कापड घातलं आणि ती चौकडी अशी गाजली की जपानीत तिला आजही 'इचिमात्सु'च म्हणतात. टोकियो ऑलिम्पिकचा तो निळा चौकड्यांचा गोल लोगो आठवतोय? तो याच नटाच्या कपड्यावरून आलेला.

शाराकु एवढा मोठा होता तर दहाच महिन्यांत गायब कसा झाला? युट्यूबवर काय काय सांगतात, कुणी म्हणतं तो चित्रकार होकुसाईच होता. — एक वाचक, सोलापूर

युट्यूबवर तो परग्रहावरून आला असंही सांगतील. आपल्या हातात काय आहे ते बघू. १७९४ च्या पाचव्या महिन्यात, आधी कुणी नावही न ऐकलेल्या माणसाची एकदम २८ मोठ्या चेहऱ्यांची चित्रं बाजारात आली, सगळी अभ्रकाची, म्हणजे महागडी. त्सुताया तेव्हा अडचणीत होता, १७९१ मध्ये आक्षेपार्ह पुस्तकं छापली म्हणून त्याची निम्मी मालमत्ता जप्त झाली होती. एदोची तिन्ही मोठी थिएटरंही कर्जात बुडून बंद, त्यांच्या जागी परवानगी मिळालेली दुसरी तीन थिएटरं चालत होती. एदोबेइ त्यातल्याच कावाराझाकी थिएटरचा. त्या वातावरणात एका नवख्यावर एवढा पैसा लावणं म्हणजे जुगार. पुढच्या हंगामात चित्रं पूर्ण उभ्या आकृत्यांची झाली, मग लहान लहान, आणि १७९५ च्या सुरुवातीला सगळं थांबलं. शेवटची तर इतकी निर्जीव आहेत की तोच हात का अशी शंका यावी.

त्याच काळातल्या ओता नानपो या लेखकाने एका टिपणात लिहून ठेवलंय त्याचा मथितार्थ असा, की नटांचं फार खरं काढायला गेला, नको ते काढलं, म्हणून फार दिवस चालला नाही. मला हे पटतं. तुम्हीच विचार करा, स्त्रीभूमिकेतला नट, त्याचा जबडा, सुटलेली हनुवटी, थकलेले डोळे सगळं जसंच्या तसं काढून दाखवलं तर त्याचा फॅन ते विकत घेईल का? त्याच वेळी तोयोकुनी नावाचा दुसरा चित्रकार तेच नट छान, रुबाबदार, उभे काढत होता आणि धो धो खपत होता. गिऱ्हाइकाला आवडता नट हवा होता, शाराकु त्याला भूमिकेच्या आतला दमलेला माणूस देत होता.

कोण होता? सगळ्यात भक्कम नाव साइतो जूरोबेइ, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला नोह नाटकातला नट. १८४४ ची तशी नोंद आहे. आणि हे खरं असेल तर मजा बघा, हा माणूस स्वतः मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या नाटकातला, त्याला उघडे चेहरे बघायला बसवलं.

आजोबा बोटीवर होते, त्यांच्या ट्रंकेत जपानी नटाचं एक चित्र निघालं. खूप लाल आहे. जुनं असेल का, विकलं तर किती येतील? — एक वाचक, डोंबिवली

किती येतील ते मी फोटो बघूनही सांगणार नाही, पण घरी बसून तीन गोष्टी करा. भिंग घ्या, रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते मशीनवर छापलेलं आहे, पोस्टकार्डासारखं, संपला विषय. जाळी नसेल तर कागद हलकेच उलटा करा. हाताने छापलेल्यात रंग मागपर्यंत झिरपलेला असतो आणि बारेनच्या घासण्याचे गोल गोल वळसे कधीकधी उजेडात दिसतात. तिसरं, तो लाल. झगझगीत जांभळट लाल असेल तर तो बहुतेक परदेशातून आलेला रासायनिक रंग, म्हणजे चित्र १८६८ नंतरच्या मेइजी काळातलं असायची शक्यता जास्त. त्या आधीचा लाल करडईच्या फुलांचा. हो, आपली करडई, तुम्ही जिचं तेल खाता. आणि तेव्हाचा फिका निळा केन्याच्या जातीच्या फुलांचा, पावसाळ्यात बांधावर उगवतो त्याच्याच भावकीतला. हे दोन्ही रंग उन्हात टिकत नाहीत, म्हणून खूप जुनी चित्रं बहुतेक मळकट पिवळी दिसतात. पिवळ्यात काही ठिकाणी हरताळ नावाचं पिवळं खनिज असायचं, ते मात्र त्यामानाने टिकतं.

सहीवर विसंबू नका. 'तोयोकुनी' असं लिहिलेलं असलं तरी तो शाराकुचा प्रतिस्पर्धी तोयोकुनी असेलच असं नाही, त्याचा शिष्य कुनिसादा १८४४ पासून तीच सही करायला लागला आणि त्याने हजारोंनी चित्रं काढलीत, त्यामुळे तुमच्या ट्रंकेत तोच असण्याचा संभव मोठा. आणि शिक्के तर काय, सेन्सॉरचा, प्रकाशकाचा, नक्कल करणारा तेही कोरतोच की.

लॅमिनेट करू नका. कळवळून सांगतेय, एकांनी मागच्या वर्षी केलं होतं.

म्हापशाला राहतो, पावसाळ्यात फ्रेमच्या आत बुरशी येते. काय करू? — एक वाचक, गोवा

काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचं माउंट हवं. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. समोर खिडकी नको. आणि पावसाचे चार महिने सरळ उतरवून कोरड्या कपाटात आडवं ठेवा, जपानी माणूसही वर्षभर एकच चित्र लटकवून ठेवत नाही.

मी नववीत आहे, इंटरमिजिएट दिलीय. मला एदोबेइ पोस्टर कलरने काढायचाय पण तो चित्रासारखा होतो, प्रिंटसारखा होत नाही. — एक विद्यार्थिनी, सातारा

अगं वा! तुझ्या आधी एकाने हे करून बघितलंय, व्हॅन गॉगने. १८८७ मध्ये पॅरिसला त्याने जपानी प्रिंटांवरून तीन तैलचित्रं केली, त्यातली एक गणिका. मासिकाच्या कव्हरवर छापलेल्या चित्रावरून त्याने रेषा ट्रेस केल्या, चौकटी आखल्या आणि मोठं केलं. मासिकात ते चित्र उलटं, आरशातल्यासारखं छापलं गेलं होतं, त्यामुळे याचीही बाई उलट्याच बाजूला वळलेली आहे. आणि त्याने प्रिंटसारखं करायचा हट्टच केला नाही, जाड जाड रंग थापला. तर तसं केलंस तरी चालेल.

पण तुला प्रिंटचाच भास हवाय तर क्रम बदल. तू बहुतेक आधी रंग भरतेस आणि शेवटी आउटलाइन काढतेस. छापणारा आधी काळी रेष छापायचा, मग रंग. तूही आधी वॉटरप्रूफ काळ्या शाईने रेष पूर्ण कर, वाळू दे, मग रंग पातळ करून एका वेळी एकच रंग, जिथे जिथे तो आहे तिथे सगळीकडे एकदम भर आणि मगच दुसरा घे. शेडिंग अजिबात नको, गालावर सावली देण्याचा मोह आवर, तिथे काही नाहीये, कोरा कागद आहे. कागद गुळगुळीत कार्ट्रिज नको, जरा मऊ हातकागद घे आणि रंग फुटत असेल तर आधी तुरटी आणि सरसाचं पातळ पाणी फिरव, तिकडेही तेच फिरवायचे. पाठीमागच्या राखाडीत रांगोळीच्या दुकानातली अभ्रकाची पूड थोडी मिसळ, तिच्यात खडू मिसळलेला नाही ना बघून घे.

कॉलेजात मी पहिल्यांदा हे चित्र उतरवलं तेव्हा त्या पंजांवर माझे दोन दिवस गेले, कारण ते हात मला लहान वाटत होते, मनगटाला नीट जोडलेले वाटत नव्हते, म्हणून मी शहाणपणा करून ते दुरुस्त केले, ॲनाटॉमीच्या पुस्तकात बघून. मास्तरांनी बघितलं आणि विचारलं, हा एवढा शांत का दिसतोय, हा तर पैसे लुटायला आलेला गुंड ना? तर हात चुकलेत असं तुलाही वाटेल. चुकीचेच काढ.